नागिणीवरचे औषध आणि किडनीचा रुग्ण

नागीण या आजारावर दिल्या जाणाऱ्या असायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या बहुतेकांना काहीही त्रास न देता काम करतात. मात्र ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्यांनी याच गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेतल्या तर दोन-तीन दिवसांत त्यांच्या वागण्यात विचित्र बदल दिसू शकतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, समोर नसलेल्या गोष्टी त्याला दिसतात, हातपाय झटके देतात, जीभ जड होते आणि कधी कधी तो बेशुद्धही पडतो. वैद्यकशास्त्रात याला असायक्लोव्हिरची मज्जाविषबाधा म्हणतात. वेळीच ओळखली तर ती जवळजवळ नेहमीच पूर्ण बरी होते. अडचण ओळखण्यातच आहे, कारण तिचे रूप मेंदूच्या इतर गंभीर आजारांशी हुबेहूब जुळते.

नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो त्वचेवर येतो आणि कमरेच्या, छातीच्या किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो. हा पट्टा शरीराला पूर्ण वळसा घालून तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात अजूनही ऐकू येते. तिला काही आधार नाही. फोडांवर गेरूचा लेप लावून वाट पाहण्यात मात्र नुकसान आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. म्हणून पुढे जे सांगायचे आहे, त्याचा अर्थ हे औषध टाळावे असा कोणी घेऊ नये. किडनीच्या रुग्णालाही नागिणीवर उपचार हवेच असतात. त्याच्यासाठी मात्रा वेगळी असते, एवढेच.

असायक्लोव्हिरचा शोध अमेरिकेत, बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. १९७० च्या दशकातील या कामात गर्ट्रूड एलियन या संशोधिकेचा मोठा वाटा होता. १९८८ साली जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी विषाणूंवरच्या औषधांचा अनुभव निराशाजनक होता. विषाणू आपल्याच पेशींच्या यंत्रणेवर जगतो, त्यामुळे त्याला मारायला गेले की निरोगी पेशीही मरत. असायक्लोव्हिर मात्र पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. नागीण किंवा हर्पिसच्या विषाणूकडे थायमिडीन कायनेझ नावाचे स्वतःचे एक विकर असते. ते या औषधाला पहिला फॉस्फेट जोडते आणि मगच औषध कामाला लागते. विषाणूने ग्रासलेल्या पेशीत ते विषाणूच्या डीएनएची साखळी पुढे वाढू देत नाही. निरोगी पेशीत ते जवळपास निरुपद्रवी पडून राहते. या निवडकपणामुळे असायक्लोव्हिर ‘सुरक्षित औषध’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि ही ओळख योग्यही आहे. ती दृढ झाल्यानेच कदाचित मात्रेकडे डोळसपणे पाहण्याची सवय थोडी सैल पडली.

औषध शरीराबाहेर कसे जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. असायक्लोव्हिरचे यकृतात फारसे विघटन होत नाही. रक्तात पोचलेल्या औषधाचा बहुतांश भाग आहे त्याच रूपात लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड ते नुसते गाळत नाही, त्याच्या सूक्ष्मनलिका हे औषध रक्तातून वेचून लघवीत सोडतात. निरोगी माणसात औषधाची रक्तातली पातळी सुमारे अडीच-तीन तासांत निम्मी होते. म्हणूनच ते दिवसातून पाच वेळा द्यावे लागते. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या माणसात पातळी निम्मी व्हायला जवळपास २० तास लागतात. दर चार तासांनी नवी गोळी पोटात जात असेल आणि आधीची अजून रक्तातच असेल, तर मोरीला बोळा घालून नळ सोडल्यासारखे होते. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळी मेंदूला झेपत नाही.

व्हॅलासायक्लोव्हिर हे असायक्लोव्हिरचेच पुढचे रूप. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये परवानगी मिळाली. असायक्लोव्हिरची गोळी घेतली तर त्यातला १० ते २० टक्केच भाग आतड्यातून रक्तात पोचतो. व्हॅलासायक्लोव्हिर आतड्यातून सहज शोषले जाते आणि लगेच असायक्लोव्हिरमध्ये बदलते. त्यामुळे निम्म्याहून अधिक औषध रक्तात पोचते. पाचऐवजी तीनच वेळा गोळी घ्यावी लागते, ही रुग्णाची मोठी सोय. पण किडनीच्या रुग्णात चूक झाली तर ती चूकही तितक्याच प्रमाणात मोठी होते. तोंडाने घेतलेल्या गोळीने असे काय होणार, असा विचार इथे धोक्याचा ठरतो.

मेंदूवर नेमके काय होते याचा एक महत्त्वाचा धागा स्वीडनमधल्या संशोधकांनी पुढे आणला. असायक्लोव्हिरचा थोडासा भाग शरीरात बदलून सीएमएमजी नावाचे संयुग तयार होते. तेही लघवीवाटेच जाते. मूत्रपिंडे चांगली असतील तर त्याचे प्रमाण नगण्य राहते, ती थकलेली असतील तर ते साठत जाते. मेंदूची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांच्या रक्तात हे संयुग जास्त प्रमाणात आढळले आणि मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही ते सापडले. लक्षणे नसलेल्या रुग्णांच्या त्या द्रवात मात्र ते आढळले नाही. सीएमएमजीची चाचणी जगात फारच थोड्या ठिकाणी होते, त्यामुळे रोजच्या रुग्णालयीन कामात तिचा आधार घेता येत नाही. निदान करायचे ते रुग्णाकडे पाहून आणि त्याच्या गोळ्यांच्या यादीकडे पाहूनच.

लक्षणे बहुधा औषध सुरू झाल्यावर एक ते तीन दिवसांत दिसू लागतात. सुरुवात साधी असते. रुग्ण सुस्त होतो, त्याचे बोलणे अडखळते, चालताना तोल जातो. मग हातांचा कंप सुरू होतो आणि त्याबरोबर एक खास खूण दिसते: चहाचा कप तोंडाशी नेताना हात अचानक उडतो आणि चहा सांडतो. हे साधे थरथरणे नव्हे. स्नायू क्षणभर आकसून झटका देतो, आणि असे झटके हातांना, पायांना, कधी चेहऱ्यालाही येतात. पुढे दिवस-रात्र यांचा मेळ सुटतो. रुग्ण अंथरुणावरच्या चादरीला चाचपत राहतो, भिंतीवर किडे दाखवतो, खोलीत नसलेल्या माणसांशी बोलतो, घाबरतो, चिडतो. काही जण याउलट अगदी गप्प होतात आणि हाक मारली तरी ओ देत नाहीत. फिट येणे त्यामानाने कमी, पण तेही नोंदलेले आहे.

यातला सर्वांत चकित करणारा भ्रम म्हणजे ‘मी मेलो आहे’ ही खात्री. फ्रेंच मज्जातज्ज्ञ ज्यूल कोतार यांनी १८८० मध्ये या भ्रमाचे वर्णन केले, म्हणून त्याला कोतार लक्षणसमूह म्हणतात. तो सहसा तीव्र नैराश्यात किंवा इतर गंभीर मानसिक आजारांत दिसतो. पण किडनी निकामी झालेल्या आणि नागिणीसाठी ही औषधे घेतलेल्या काही रुग्णांतही तो आढळला आहे. आपण जिवंत नाही, आपला हात आपला नाही, असे हे रुग्ण ठामपणे सांगतात. डायलिसिस झाल्यावर हा भ्रम काही तासांत ओसरल्याची नोंद आहे. एवढी खोल वाटणारी श्रद्धा एका संयुगाच्या रक्तातल्या पातळीवर उभी असू शकते, हे कोणालाही विचार करायला लावणारे आहे. घरच्यांसाठी मात्र हा प्रसंग भयंकर असतो. काल-परवापर्यंत नीट बोलणारी आजी ‘मी गेले, आता मला उचला’ असे म्हणू लागली तर नातेवाइकांच्या मनात बाहेरच्या बाधेपासून वेड लागण्यापर्यंत सगळ्या शंका येतात. गोळीचा संशय सहसा सर्वांत शेवटी येतो.

डॉक्टरांपुढचा पेच वेगळा असतो. नागिणीचा किंवा हर्पिसचा विषाणू क्वचित मेंदूतही शिरतो आणि मेंदूला सूज आणतो. त्या आजारातही रुग्ण गोंधळतो, बरळतो, त्याला फिट येतात. तिथे उपाय असतो शिरेतून भरपूर असायक्लोव्हिर देणे. औषधामुळे बाधलेल्या रुग्णाला मेंदूज्वर समजून आणखी असायक्लोव्हिर दिले, तर विषबाधाच वाढते. उलट खऱ्या मेंदूज्वरात विषबाधा समजून औषध थांबवले, तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे हा निर्णय अंदाजाने घेता येत नाही.

काही खुणा दिशा दाखवतात. मेंदूज्वरात ताप आणि डोकेदुखी ठळक असते, शरीराची एखादी बाजू कमजोर पडू शकते, हर्पिसच्या मेंदूज्वरात एमआरआयमध्ये कानशिलामागच्या भागात सूज दिसते. पाठीतून पाणी काढून तपासले तर त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात आणि पीसीआर चाचणीत विषाणू सापडतो. औषधाच्या विषबाधेत ताप बहुधा नसतो, हातापायांचे झटके जास्त असतात, एमआरआय आणि पाठीतले पाणी सामान्य येते. शिवाय वेळेचा हिशेब जुळतो: किडनीचा रुग्ण, औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस आणि मग गोंधळ. रक्तात युरिया वाढल्याने, सोडियम उतरल्याने, जंतुसंसर्गाने किंवा पक्षाघातानेही माणूस असाच गोंधळतो, म्हणून त्या तपासण्याही कराव्या लागतात. पीसीआरचा निकाल येईपर्यंत काय करायचे, हा सर्वांत कठीण भाग. तिथे मूत्रपिंडतज्ज्ञ आणि मज्जातज्ज्ञ यांनी मिळून ठरवणेच योग्य.

निदान झाले की उपाय सरळ आहे. औषध थांबवायचे. मूत्रपिंडे थोडीफार काम करत असतील तर काही दिवसांत रुग्ण पूर्ववत होतो. लक्षणे तीव्र असतील किंवा रुग्ण आधीच डायलिसिसवर असेल तर हिमोडायलिसिस करतात. असायक्लोव्हिरचा रेणू लहान असतो आणि रक्तातल्या प्रथिनांना तो फारसा चिकटत नाही, त्यामुळे यंत्राच्या गाळणीतून तो सहज बाहेर पडतो. सहा तासांच्या एका डायलिसिसने रक्तातली पातळी सुमारे ६० टक्क्यांनी घटते. अनेकदा रुग्ण डायलिसिसच्या खाटेवरच शुद्धीवर येऊ लागतो. एकदा केल्यावर पातळी पुन्हा थोडी वर येऊ शकते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पुन्हा करावे लागते. पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसने, म्हणजे सीएपीडीने, हे औषध फारच संथपणे निघते. त्यामुळे घरी सीएपीडी करणाऱ्या रुग्णांना या विषबाधेचा विशेष धोका असतो आणि ती झाली तर काही काळ हिमोडायलिसिसकडे वळावे लागू शकते.

हे सगळे टाळता येण्याजोगे आहे, आणि टाळण्याची जागा आहे औषधाची चिठ्ठी. नागिणीसाठी निरोगी प्रौढाला असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, म्हणजे दिवसाला ४००० मिलिग्रॅम देतात. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला १० ते २५ मिलिलिटर एवढीच उरली असेल तर तीच गोळी दर आठ तासांनी आणि १० च्याही खाली गेली असेल तर दर बारा तासांनी द्यावी, असे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात म्हटले आहे. व्हॅलासायक्लोव्हिरच्या बाबतीत तफावत अधिक मोठी आहे. निरोगी माणसाला दिवसाला ३००० मिलिग्रॅम, तर क्षमता १० च्या खाली असलेल्याला ५०० मिलिग्रॅम. सहा पटींचा फरक! घटवलेल्या मात्रेवरही डायलिसिसच्या रुग्णांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून अनेक मूत्रपिंडतज्ज्ञ त्यांना माहितीपत्रकापेक्षाही कमी असायक्लोव्हिर देतात.

मात्रा ठरवायची तर क्षमता माहीत हवी, आणि इथे मूत्रपिंडांचा अंदाज देणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. स्नायू कमी असलेल्या, वाळलेल्या, वयस्क माणसात ते मुळातच कमी तयार होते, त्यामुळे मूत्रपिंडे बरीच खराब असूनही रिपोर्टमधला आकडा फार वाईट दिसत नाही. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेले सूत्र आजही औषधांच्या मात्रेसाठी वापरतात: १४० मधून वय वजा करायचे, त्याला किलोमधल्या वजनाने गुणायचे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे, स्त्री असेल तर आलेले उत्तर पुन्हा ०.८५ ने गुणायचे. समजा, क्रिएटिनिन १.४ आहे. २५ वर्षांच्या, ७५ किलो वजनाच्या तरुणात या हिशेबाने क्षमता सुमारे ८५ येते. ७५ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजीबाईंमध्ये त्याच १.४ ला ती जेमतेम २५ येते. रिपोर्टवर दोघांचा आकडा एकच. तरुणाला पूर्ण मात्रा चालते, आजीबाईंना ती झेपणार नाही. ‘क्रिएटिनिन जरासेच वाढले आहे’ या एका वाक्यात हा सगळा फरक झाकला जातो.

नागिणीचे दुखणे या गणितात आणखी भर घालते. हे दुखणे भाजल्यासारखे, सुई टोचल्यासारखे असते आणि झोप उडवते. मग रुग्ण मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो. या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो. थकलेली मूत्रपिंडे त्यामुळे आणखी मंदावतात आणि विषाणूरोधक औषध अधिकच साठते. त्यात उन्हाळ्याचे दिवस, अन्नपाण्यावरची वासना उडालेली आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, असे सगळे जमून आले तर काल बरी असलेली किडनी आज अडचणीत येते. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी डॉक्टर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. तीही लघवीवाटेच बाहेर पडतात आणि साठली की गुंगी, झटके आणि गोंधळच निर्माण करतात. एकाच चिठ्ठीवर अशी दोन औषधे असतील तर दोष कोणाचा हे ठरवणे अवघड होते. अशा वेळी दोन्हींची मात्रा किडनीच्या मापाने कापलेली असणे हाच खरा बचाव.

असायक्लोव्हिर स्वतःही मूत्रपिंडाला इजा करू शकते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. शिरेतून झपाट्याने दिले आणि शरीरात पाणी कमी असेल तर सूक्ष्मनलिकांमध्ये त्याचे सुईसारखे स्फटिक जमून लघवीची वाट अडते. म्हणून शिरेतली मात्रा किमान एक तास संथपणे देतात आणि सोबत सलाईन चालू ठेवतात. आधी चांगल्या असलेल्या मूत्रपिंडांत या कारणाने बिघाड झाला, तर मेंदूवरचे परिणाम मागून येतात.

डायलिसिसवरच्या रुग्णांचा धोका आपल्याकडे थोडा निराळा आहे. भारतात कित्येक रुग्ण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिस घेतात. दोन फेऱ्यांमध्ये तीन-चार दिवसांचे अंतर पडते आणि त्या काळात औषध बाहेर जायला वाटच नसते. उलट डायलिसिसमध्ये औषध निघून जाते, म्हणून त्यांची गोळी डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस संपल्यानंतर घ्यायची असते, आधी नव्हे. नागिणीसाठी रुग्ण बहुधा त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा घराजवळच्या डॉक्टरांकडे जातो, डायलिसिस केंद्रात नाही. डायलिसिससाठी हातावर केलेली फिस्टुला शर्टाच्या बाहीखाली झाकलेली असते आणि ‘आणखी काही आजार?’ या प्रश्नाला रुग्ण ‘बीपी आहे’ एवढेच उत्तर देतो. त्या टेबलावर ‘माझे डायलिसिस चालू आहे’ हे वाक्य उच्चारले गेले तर बरेच काही वाचते. गोळ्या सुरू झाल्याचे डायलिसिस केंद्रातल्या तंत्रज्ञाच्या कानावर घालणेही तितकेच उपयोगाचे. आणि गोळ्या चालू असताना बोलण्यात, चालण्यात किंवा हातांच्या हालचालीत बदल दिसला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा आणि रुग्णालयात जाताना गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

विषाणूंवरच्या इतर काही औषधांनाही हाच नियम लागू होतो. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना सायटोमेगॅलो विषाणूसाठी दिले जाणारे गॅन्सायक्लोव्हिर आणि व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर ही असायक्लोव्हिरच्याच घराण्यातली. मात्रा किडनीनुसार घटवली नाही तर त्यांनीही गोंधळ आणि झटके येतात, शिवाय रक्तपेशी कमी होतात. त्याच विषाणूवरचे फॉस्कार्नेट वेगळ्या मार्गाने त्रास देते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे ओठांभोवती मुंग्या येतात आणि फिटही येऊ शकते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्या-मुंबईच्या घराघरांत नाव पोचलेले ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमिफ्लू, हेही लघवीवाटे बाहेर जाते. प्रौढाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, डायलिसिसच्या रुग्णाला मात्र डायलिसिसनंतर केवळ ३० मिलिग्रॅम पुरते.

या यादीत अमँटाडिन वेगळे उठून दिसते. १९६० च्या दशकात ते फ्लूचे औषध म्हणून आले. पुढे विषाणू त्याला दाद देईनासे झाले आणि आता ते मुख्यतः कंपवातासाठी वापरले जाते. कंपवाताचे रुग्ण वयस्क, त्यामुळे मूत्रपिंडे थकलेली असण्याची शक्यता मोठी. साठले की तेही भास, गोंधळ आणि झटके आणते, आणि ही लक्षणे कंपवातच बळावल्याची समजली जाण्याचा धोका असतो. असायक्लोव्हिरसारखा डायलिसिसचा आधार इथे मिळत नाही. अमँटाडिन रक्तात थोडे आणि ऊतींमध्ये फार पसरलेले असते, त्यामुळे यंत्राच्या गाळणीतून त्याचा अगदी थोडा भाग निघतो. नियमित डायलिसिसवरच्या रुग्णात त्याची पातळी निम्मी व्हायला सरासरी आठ दिवस लागतात. चुकून पूर्ण मात्रा गेली तर औषध थांबवून, रुग्णाला जपत, ते ओसरण्याची वाट पाहावी लागते.